पेसमेकर बसवताना ठोके थांबले तेव्हा

पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारी छोटी मशीन, बसवायचं म्हटलं की जो तो एकच सांगते, काही नाही हो, तासाभराचं काम आहे, पूर्ण भूलही देत नाहीत, दोन-तीन दिवसांत घरी. बहुतेकांचं तसंच होते हे खरं आहे, मी नागपूरला वॉर्डात माझ्या आजूबाजूला तसे पेशंट पाहिले, सकाळी गेले, दुपारी बेडवर बसून चहा पिऊन राहिले होते. माझं तसं झालं नाही. टेबलावर असतानाच माझे ठोके काही सेकंद पूर्ण थांबले आणि ते सावरतात न सावरतात तोच हृदयाच्या वरच्या कप्प्यात दुसरीच गडबड सुरू झाली, आणि यातलं बरंचसं मी जागी राहून अनुभवलं. आमच्या भागातून आता बरेच लोक या कामासाठी नागपूरला जातात, आणि असं काही होऊ शकते हे आधी कोणी बसून सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिले.

मी दिग्रस तालुक्यातली, अंगणवाडी सेविका, वय ५३. चक्कर सुरू झाली उन्हाळ्यात. डोळ्यांपुढे अंधारी यायची, दोन-चार सेकंद काही कळायचं नाही आणि मग पुन्हा सगळं नीट. उन्हाचं झालं असंल, बीपी लो झालं असंल, उपास कमी करा, असं सगळ्यांचं म्हणणं. सलाईनही लावून झाली. मग एक दिवस अंगणवाडीत पोरांची वजनं घेता घेता, एक लेकरू माझ्या हातात असतानाच मी खाली गेले. मदतनीस बाजूलाच होती, तिनं लेकरू धरलं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही. त्या वेळी माझे हातपाय थोडे झटकले म्हणे, म्हणून गावात बोलणं सुरू झालं की बाईले फेफरं येते. जाऊबाई तर देवस्थानावर नेतो म्हणून मागेच लागल्या होत्या. त्यांचाही जीव तुटत होता, त्यांना बोल नाही लावत.

पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टर मॅडमनं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहतच राहिल्या. नाडी ३८. लगेच ईसीजी काढला. मॅडमनं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पेननं चित्र काढून मला समजावलं, तो कागद मी जपून ठेवला आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात करंट तयार होते, तिथून मधल्या एका गाठीत येते, आणि तिथून खाली दोन फांद्यांनी जाते, एक उजवी एक डावी. माझी डावी फांदी बंद होती, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. सगळा कारभार उजव्या फांदीवर चाललेला, आणि तीही थकलेली, दर दुसरा ठोका खाली पोचतच नव्हता. २:१ ब्लॉक म्हणतात त्याला. कधी सलग दोन-चार ठोके पोचले नाहीत की मेंदूला रक्त कमी पडते, माणूस पडते, हातपायही झटकले जातात, आणि लोकांना ते फेफरं वाटते. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे मेंदूचं नाही, हृदयाचं आहे, आणि याले गोळी नाही, पेसमेकरच लागते."

नागपूरपर्यंतचा प्रवास लवकर सांगते. १०८ नं आधी यवतमाळ, तिथे इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी वगैरे, मग गाडी करून नागपूर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसते, दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद द्यायचे, ते मंजुरीला पाठवतात. आमचं केशरी कार्ड होतं. शुभ्र कार्डवाल्या कास्तकारांनाही लाभ मिळते, हे कित्येकांना माहीत नाही आणि ते उगाच कर्ज काढायला धावतात. मंजुरी येईपर्यंत मी मॉनिटर लावून पडून होते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर संमतीचा फॉर्म घेऊन आला. रक्तस्राव होऊ शकते, इन्फेक्शन होऊ शकते, फुफ्फुसाला सुई लागू शकते, वायर सरकू शकते, ठोके बिघडू शकतात, असं त्यानं एका दमात वाचलं. मी आणि माझ्या मुलानं सही केली. मुलगा मला नंतर म्हणाला, आई, ठोके बिघडू शकतात हे ऐकलं होतं मी, पण मला वाटलं ठोके तर बिघडलेलेच आहेत, त्याच्यासाठीच तर आलो. त्याचं काय चुकलं? त्या एका ओळीत काय काय बसलेलं आहे हे कोणी उलगडून सांगितलंच नाही.

सकाळी कॅथलॅबच्या, म्हणजे हे काम करतात त्या खोलीच्या, बाहेर नर्सनं मंगळसूत्र, जोडवे, बांगड्या सगळं काढायला सांगितलं. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या निघेनात, साबण लावून लावून काढल्या, दोन फुटल्या. आमच्या घरच्यांनी त्या उरलेल्या बांगड्या आणि फुटलेले तुकडे पण रुमालात बांधून खिशात ठेवले. आत लय थंडी. टेबल अरुंद, वर फिरणारं एक्स-रेचं मोठं मशीन. एक मोठा चिकट पॅड छातीवर उजव्या बाजूला लावला, दुसरा डाव्या कुशीत. मी विचारलं हे कशाला, तर टेक्निशियन म्हणाला, "तयारी असते मावशी, बहुतेक वेळा लागत नाही." हे पॅड आधीच लावलेले होते हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडलं.

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली सुया देऊन जागा बधिर केली. त्या सुया दुखतात, नंतर दुखत नाही पण दाबलं जाते, ओढलं जाते ते सगळं कळते. तोंडावर हिरवी चादर, एका बाजूनं थोडा उजेड. शिरेतून वायर आत जाते, त्याला हे लोक लीड म्हणतात. मला दोन लीडचा पेसमेकर बसवायचा होता, एक लीड खालच्या उजव्या कप्प्यात, एक वरच्या. मॉनिटरचा टिक... टिक... आवाज येऊन राहिला होता, माझाच, तो सावकाश चाललेला मला ऐकू येत होता. मधेच छातीत एकदम चार-पाच ठोके भराभर आले, मी घाबरून ओरडले तर डॉक्टर म्हणाले, लीडचं टोक आतून भिंतीला लागलं की तसं होते, काळजी नाही. ते खरंच आपोआप थांबलं.

मग आवाज बंद झाला.

मला आधी वाटलं मशीन बंद केली. पण डॉक्टरांचा आवाज बदलला, तो बदल मी कधी विसरणार नाही, आणि कोणीतरी माझ्या कानाशी येऊन ओरडलं, "मावशी खोका! जोरात खोका, खोकत राहा!" मी खोकले. पुन्हा खोकले. तिसऱ्या खेपेला खोकायला गेले पण छातीत जोरच नव्हता, चादरीचा हिरवा रंग काळा होत गेला आणि पुढचं काही नाही. पुन्हा कळायला लागलं ते दुखण्यानं, कोणीतरी दोन्ही हातांनी छाती दाबून राहिलं होतं, आणि मग ते थांबून पॅडमधून झटके सुरू झाले, दर झटक्याला छातीचा आणि खांद्याचा मास उडत होता, फार दुखते ते, मी आई गं म्हणून किंचाळले म्हणे. थोड्या वेळात तेही थांबलं आणि टिक टिक टिक असा एकसारखा आवाज सुरू झाला, इतका एकसारखा की महिन्यांपासून तसा माझ्या अंगात नव्हता. डॉक्टर चादर बाजूला करून म्हणाले, नाव सांगा. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका पण सांगितला.

नेमकं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं, पण इथेच सांगून टाकते. ती उजवी फांदी, जिच्यावर माझं सगळं अवलंबून होतं, ती उजव्या कप्प्याच्या आतल्या भिंतीत एका ठिकाणी अगदी वरवर असते. लीड आत जाताना त्या जागेला धक्का लागला तर ती फांदी काही वेळ बंद पडू शकते. ज्यांची डावी फांदी चालू आहे त्यांना पत्ताही लागत नाही, करंट डावीकडून जाते. माझी डावी आधीच गेलेली. गावात दोनच डीपी, एक जळालेली आणि दुसरीचा फ्यूज गेला तर काय होईल, तसं. वरचा कप्पा चालूच होता, पण खाली निरोपच पोचत नव्हता, म्हणून खालचा कप्पा सात-आठ सेकंद पूर्ण थांबला. खोकल्यानं छातीत दाब तयार होऊन थोडं रक्त पुढे जाते म्हणून खोकायला लावतात. मग छाती दाबली, मग पॅडमधून बाहेरून करंट दिला, आणि तेवढ्या वेळात डॉक्टरांनी ती लीड पुढे सरकवून भिंतीला टेकवली आणि केबलनं बाहेरच्या मशीनला जोडून तिच्यातूनच ठोके सुरू केले. ज्या लीडचा धक्का लागला तिच्यावरच मग माझं हृदय चाललं.

मला वाटलं संपलं आता. पण वरच्या कप्प्याची लीड बसवायची होतीच. तिचं टोक भिंतीला लागलं आणि डॉक्टर आपसात म्हणाले, "एफिब". म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहते. खालचे ठोके आता मशीन ७० नं देऊन राहिली होती म्हणून धडधड अशी जाणवली नाही, पण छाती भरल्यासारखी झाली आणि दम कमी पडायला लागला. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, थांबलं नाही. वरचा कप्पा थरथरत असताना त्या लीडला किती करंट लागते ते मोजता येत नाही, फक्त ती लीड आतले सिग्नल पकडते की नाही एवढं पाहता येते. ते पाहिलं, ठीक होतं, म्हणून लीड तिथेच बसवून टाके घातले आणि मशीन तात्पुरती फक्त खालच्या कप्प्यावर चालेल अशी सेट केली.

आता बाहेर काय झालं ते सांगते, कारण माझ्या घरच्यांनी जे सोसलं ते मी टेबलावर सोसलं त्याहून कमी नाही. आतून एक जण धावत आला, एक ट्रॉली आत नेली, दार बंद. तास होत आला होता. यांनी दाराशी येईल त्याला विचारलं, कोणी थांबून उत्तर दिलं नाही. शेवटी हे दाराला हात लावून म्हणाले, "सांगा ना बाप्पा, जित्ती हाय का नाही माही बायको?" तेव्हा झाडूपोछा करणारी एक मावशी बाहेर आली, ती म्हणाली, "भाऊ, तुमची बाई बोलून राहिली, नाव-गाव सांगून राहिली, बसा तुम्ही." ती एवढं सांगून गेली तेव्हा हे भिंतीला टेकून खालीच बसले. आतले लोक माझ्या जिवासाठी झटत होते, त्यांना बाहेर यायला सवड नव्हती हे मी समजू शकते, पण माझे ठोके परत आल्यावर एका माणसानं अर्धं मिनिट बाहेर येऊन बोललं असतं तर चाललं असतं की नाही? सुटी होताना हे मी लेखी दिलं आहे.

रात्र आयसीयूत गेली. अमिओडॅरोन नावाचं औषध ड्रिपमधून चालू होतं, सकाळपर्यंत ताल नाही आला तर झोपेचं इंजेक्शन देऊन शॉक द्यावा लागेल असं सांगितलं होतं. मी डोळे मिटायला भीत होते, मॉनिटरचा आवाज जरा बदलला की नर्सताईला हाक. ती बिचारी दरवेळी आली, एकदाही चिडली नाही. मुलाला आत यायची परवानगी थोडा वेळच होती, तेवढ्यात त्यानं मला सांगितलं की जगात सगळ्यात पहिला शरीरात बसवायचा पेसमेकर १९५८ साली ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला, तो काही तासांतच बंद पडला होता, पण पुढे बदलत बदलत कितीतरी पेसमेकर त्या माणसाला लागले आणि तो २००१ पर्यंत जगला. मला त्याचा लय आधार वाटला. मी रात्रभर त्या माणसाचाच विचार करत होते, पहिलाच पेसमेकर बंद पडला तेव्हा त्याच्या बायकोला काय वाटलं असंल. पहाटे कधीतरी ताल आपोआप जागेवर आला, मला तर कळलंही नाही, नर्सताईनंच ईसीजीची पट्टी काढून दाखवली.

सकाळी एक्स-रे झाला, फुफ्फुस ठीक, दोन्ही लीड जागेवर. मग मोठे डॉक्टर आले, स्टूल ओढून बसले आणि सगळं नीट सांगितलं. मी त्यांना सरळ विचारलं, सर, डावी फांदी बंद आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग ठोके देणारी तात्पुरती वायर पायातून आधी का नाही टाकली? वॉर्डातल्या एका पेशंटला तशी टाकलेली मी पाहिली होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, काही डॉक्टर टाकतात, पण ती वायरही त्याच रस्त्यानं त्याच भिंतीजवळून जाते, तिचाही तसाच धक्का लागू शकते, शिवाय मांडीतल्या शिरेतून रक्तस्राव, इन्फेक्शन हे वेगळं, तुमचं बीपी टिकून होतं म्हणून आम्ही पॅड लावून आणि केबल हाताशी ठेवून काम करायचं ठरवलं. मला हे पटलं. मी म्हटलं, पण हे काल सांगायचं होतं ना सर, आज जसं सांगितलं तसं. ते म्हणाले, "बरोबर आहे मावशी, सांगायला पाहिजे होतं."

माझ्या मुलाचे मित्र त्याला म्हणत होते तक्रार कर, हलगर्जीपणा आहे. टेबलावर जे झालं त्याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. पॅड आधीच लावलेले होते, मशीनवाला बाजूला उभा होता, कोणी इकडेतिकडे शोधत बसलं नाही. धक्का लागणं हे चांगल्या हातांकडूनही होऊ शकते, महत्त्वाचं हे की लागल्यावर पुढच्या सेकंदाला काय करायचं ते ठरलेलं होतं. पण ज्यांच्या ईसीजीवर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक लिहिलं आहे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आदल्या दिवशी हा प्रश्न जरूर विचारा, की उजवी बाजू बंद पडली तर तुमची तयारी काय आहे. डॉक्टरांना राग येत नाही, आणि आला तरी विचारा.

सुटी झाली तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. नागपुरात मारबत निघाली होती, रस्ते बंद, गाडी फिरून फिरून समृद्धीला लागली. कारंज्याला उतरून दारव्ह्यावरून गावी आलो तेव्हा रात्र झाली होती. जखमेपेक्षा बरगड्या जास्त दुखत होत्या, छाती दाबल्यामुळे, ते पुढे कित्येक दिवस राहिलं, खोकला-शिंक आली की उशी छातीशी धरायची.

घरी आल्यावरचं आपल्याकडच्या बायांसाठी सांगते, कारण दवाखान्यात मिळते तो कागद शहरातल्या माणसासाठी लिहिलेला असते. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर लीड सुटू शकते. म्हणजे वेणी घालणं नाही, दोरीवर कपडे वाळू घालणं नाही, विहिरीचा दोर ओढणं नाही, डोक्यावर पाटी घेणं नाही. माझी वेणी सून घालून द्यायची. पण हात एकदम बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडते, खाली खाली हलवत राहायचा. आतल्या कपड्याचा पट्टा नेमका जखमेवर येते, तिथे मऊ सुती कापडाची घडी ठेवा. जागा लाल झाली, सुजली, पाणी आलं किंवा ताप आला तर गावात सुई टोचून घेऊ नका, सरळ बसवणाऱ्या डॉक्टरकडे. वेचणी सुरू झाली तेव्हा माझे सहा आठवडे होत आले होते, तरी पहिले काही दिवस ओटी बांधून उजव्या हातानंच कापूस वेचला. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, त्याचा पट्टा बरोबर मशीनवर दाबते.

आणि झटका मशीन. रोही आणि डुकरांमुळे आमच्या शिवारात जवळजवळ प्रत्येक धुऱ्यावर झटक्याची तार आहे. पेसमेकरवाल्यानं त्या तारेला हात लागू देऊ नये, त्या झटक्यानं मशीनचा गोंधळ होऊ शकते, आणि माझ्यासारखीचं तर सगळं त्या मशीनवरच आहे. मी वावरात जायच्या आधी मुलगा आमची मशीन बंद करते, बाजूच्या कास्तकारालाही घरी जाऊन सांगितलं, तेही ऐकतात. काही जण सरळ लाईनचा करंट तारेत सोडतात, ते तर धडधाकट माणसाचाही जीव घेते, ते कोणीच करू नये. मोबाईल मी उजव्या कानाला लावते, वेल्डिंगच्या दुकानापासून दूर राहते, मिक्सर-टीव्ही-फ्रिजचं काही नाही. पेसमेकरचं कार्ड पर्समध्ये असते, आणि त्याचा फोटो मदतनीसच्या मोबाईलमध्येही आहे.

दिवाळीनंतर तपासणीला गेले. छातीवर कपड्यावरूनच एक चकती ठेवतात आणि समोरच्या स्क्रीनवर सगळं येते. वरच्या लीडचं जे मोजमाप टेबलावर राहून गेलं होतं ते आता झालं, बरोबर निघालं. मग डॉक्टरांनी मला सांगून मशीनचा वेग हळूहळू कमी केला, माझं स्वतःचं किती चालते ते पाहायला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. उजवी फांदी परत चालू झालेली आहे, पण पहिल्यासारखीच दर दुसरा ठोका सोडून, चाळीसच्या आसपास. खालच्या कप्प्याचे १०० पैकी ९८ ठोके मशीनच देते असं नोंदीत आलं. एफिबची नोंदही मशीन ठेवते, त्या रात्रीनंतर पुन्हा काही आलेलं नाही, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सध्या नाही. पुढे कधी लांबलेला एफिब नोंदीत दिसला तर ती सुरू करावी लागेल, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी होऊन लकवा मारायची भीती असते. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली आहे.